निवांत बसण्याची तालीम

...आणि वर मलाच विचारतात हो, "काय, झाली का तयारी? मजा आहे बुवा तुमची!" मजा? तुम्हाला सांगतो, उभ्या जन्मात एवढी धावपळ केली नाही, जेवढी या निवांतपणापायी केली! पायाला भिंगरी, डोक्याचा भुगा, आणि कुणी विचारलंच तर हसून म्हणायचं काय... निवांत जायचंय ना!

झालं असं, की आमची ही निवृत्त झाली. ही म्हणजे इस्पितळातली मेट्रन. बाईचं अख्खं आयुष्य उभ्यानं गेलं. उभ्यानं चहा, उभ्यानं जेवण, माझ्याशी भांडायचं तेसुद्धा उभ्यानं, कंबरेवर हात ठेवून. निरोपाच्या कार्यक्रमात सगळ्यांनी विचारलं, "मॅडम, आता काय करणार?" ही माइकवर म्हणाली, "बसणार." असा हशा पिकला! मीही हसलो. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणते, "अहो, मी विनोद नव्हता केला. मला बसायचंय. तुमच्या शेजारी. कुठंतरी लांब, जिथं मला कुणी हाक मारणार नाही." आता यावर नवऱ्यानं काय बोलावं, सांगा! म्हटलं, बसू! नुसतं नाही, थाटात बसू!

गेलो ट्रॅव्हलच्या ऑफिसात. तिथली मुलगी इतकी सावकाश बोलायची, की मला वाटलं ही इथंच झोपवते की काय! "सर... हे आपलं स्लो पॅकेज... युरोपातली जुनी राजधानी... नदीकाठचं हॉटेल, पूर्वी उमरावाचा महाल होता... सकाळी उठायचं... किंवा नाही उठायचं..." म्हटलं, आणि बघायचं काय? "सर, बघण्याचा आग्रह नाहीये." म्युझियम तरी? "आहे ना सर. एक चित्र." एक? "एकाच चित्रासमोर बसायचं. खुर्ची आम्ही देतो." म्हटलं, अहो पण तो राजवाडा, तो किल्ला, ते चौकातलं मोठं घड्याळ? तर अशी बघायला लागली माझ्याकडे, जसं काही मी वाचनालयात शिट्टी मारली! "ते सगळं धावपळवाल्या पॅकेजात, सर. ते स्वस्त पडतं." म्हणजे बघा हं, सगळं बघितलं की स्वस्त, एकच बघितलं की महाग, आणि काहीच बघायचं नसेल तर घरदार विकायचं का? पण म्हटलं जाऊ दे... निवांत जायचंय ना! नदीकडच्या खिडकीची एकच खोली उरली होती. "धरून ठेवते सर. हॉटेलचा निरोप आला की मी फोन करीन, तुम्ही फक्त हो म्हणा. पण लगेच म्हणा, मागे रांग आहे." निवांतपणाला रांग!

मग व्हिसाचं ऑफिस. काचेपलीकडून साहेब विचारतोय, "तिकडं काय करणार?" मी म्हटलं, बसणार. त्यानं चष्मा काढला. "कुणाला भेटणार?" आता काय सांगू? हिच्याकडे बोट दाखवलं. "हिला." साहेबानं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं... आणि दिला हो व्हिसा! बहुतेक लग्न झालेला असणार.

आता माझा स्वभाव सांगतो. मी हौशी नाटकमंडळीतला पडद्यामागचा माणूस. कोण कुठून येणार, दिवा कधी लागणार, टेबलावर कप आहे का, सगळं माझ्या डोक्यावर. आणि माझा नेम असा, की तालमीशिवाय प्रयोग नाही! मग इतक्या लांब जाऊन ऐनवेळी बसणंच जमलं नाही तर? हिला सवय नाही, आणि मी तर आयुष्यभर या विंगेतून त्या विंगेत पळालेला. म्हटलं, आपण बसण्याची तालीम घेऊ!

गॅलरीत दोन खुर्च्या, मध्ये टेबल, दोन कप कॉफी. खालचा रस्ता म्हणजे नदी आणि समोरचं टायरचं दुकान म्हणजे राजवाडा. हिला म्हटलं, "डावीकडून ये, बस, नदी बघ." बसली. म्हटलं, "सुरू!" तर ही उठली! "काय झालं?" "नळ टपकतोय." "अगं, हॉटेलात नळ टपकत नाही!" "तिथला नसेल टपकत, इथला टपकतोय ना!" गेली, नळ बंद केला, येता येता ओटा पुसून आली. पुन्हा सुरू! तेवढ्यात समोर टायरवाला खोकला... संपलं! कठड्यावरून वाकून ही ओरडतेय, "ओ दादा, कधीपासून आहे खोकला? कफ पडतो का?" राजवाड्याला विचारतेय कफ पडतो का!

मी जरा चिडलोच. तर माझ्यावरच उलटली. "आणि तुम्ही कुठं बसलाय हो? मघापासून उभे! कप सरकवताय, खुर्ची तिरकी करताय, प्रकाश इकडून हवा म्हणताय... मला तुमच्या शेजारी बसायचंय. शेजारची खुर्ची रिकामी ठेवून मी काय कॉफीच्या कपाशी गप्पा मारू?" आता हे बरोबर होतं. पण बरोबर आहे असं बायकोला कधी लगेच सांगू नये. म्हटलं, उद्या पुन्हा घेऊ.

मग रोज तालीम! लेकीचा फोन, "बाबा, किती ताण घेताय! आईला दीर्घ श्वास घ्यायला सांगा." सांगितलं. ही श्वास घ्यायला बसली आणि माझी नाडी मोजायला लागली. पुन्हा उद्या! म्हटलं, धीर धरायचा... निवांत जायचंय ना!

आणि परवा... परवा मी ठरवूनच बसलो. कप वाकडा होता, राहू दिला. ऊन नको तिथून येत होतं, येऊ दिलं. एक सूचना नाही! टायरवाला खोकला. ही हलली नाही. पुन्हा खोकला, मुद्दाम खोकल्यासारखा. तरी नाही! म्हटलं, वा, काय काम करतेय! बघतो तर हिची मान माझ्या खांद्यावर. झोपली! भरदिवसा! जिला सलाइन संपत आलं की झोपेतसुद्धा कळायचं, ती बाई घोरत होती हो... आणि आत फोन वाजायला लागला.

मला कळलं ना कुणाचा ते! नदीकडची खोली! उठायला गेलो तर हिची मान हलली. पुन्हा बसलो. फोन थांबला, पुन्हा वाजला. तुम्हाला सांगतो, जन्मात एकाची एन्ट्री चुकू दिली नाही मी, आणि माझीच चुकत होती, डोळ्यांदेखत! खांद्याला मुंग्या आल्या, कॉफीवर साय धरली, नाकावर माशी. बसून राहिलो. आणि खरं सांगू? फार बरं वाटलं. इतकं बरं मला कुठल्याच प्रयोगाला वाटलं नव्हतं.

उठली. म्हटलं, "फोन येऊन गेला." "कुणाचा?" "ट्रॅव्हलच्या मुलीचा." "मग उचलला नाहीत?" "तू झोपली होतीस." ही बघतच राहिली माझ्याकडे. मला वाटलं, आता डोळे भरून येणार, आता काहीतरी छान बोलणार... तर ताडकन उभी! कंबरेवर हात! "अहो, मग उठवायचं मला! एक शब्द बोलायचा होता तुम्हाला... हो!"

धावत गेलो ऑफिसात. "गेली... सर... खोली..." तेही सावकाश! आता म्हणे फक्त धावपळवालं पॅकेज शिल्लक. झेंडा धरलेल्या माणसामागे पळायचं, किल्ला, राजवाडा, घड्याळ, सगळं! मी घाबरत घाबरत हिला विचारलं. तर ही शांतपणे म्हणते, "घ्या की तेच." "अगं, पण तुला बसायचं होतं ना?" "बसणं काय, होतंय की आता घरी रोज. इतक्या लांब जाऊन काय बसायचं?"

तेव्हा उठतो मंडळी. ही खाली बूट घालून, कंबरेवर हात ठेवून उभी आहे. आजपासून पळायची तालीम... तुम्ही बसा निवांत, तुम्हाला जमतंय!