वर्षालीच्या चीजमध्ये मटण कशाचं होतं

मी, माणिकबाई डोमाजी तायडे, वय अंदाजे पंच्याहत्तर, धंदा पूर्वी मजुरी, आता घरीच, शिक्षण नाही, रा. पंचशील नगर, अमरावती. समक्ष ठाण्यात येऊन विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी व माझी नात वर्षाली राहतो. वर्षाली कॉलेजच्या फाटकासमोर सँडविचची गाडी लावते. शेजारी नत्थुजी यांची गिल्या वड्याची, म्हणजे दह्यातल्या वड्याची गाडी आहे. ते आमच्याच गल्लीतले, मला मावशी म्हणतात. पोरं वर्षालीकडे जास्त उभी राहायला लागल्यापासून मावशी म्हणणे कमी झाले आहे.

आज सकाळी वर्षालीने नवीन पदार्थ केला. विलायतेत एक सँडविच मिळते, त्यात मटणाचे काप, आंबट पत्ताकोबी व चीज असते. तेच सगळे पावाशिवाय भांड्यात घालून ओव्हनमध्ये भाजायचे आणि गरम असताना त्यात काहीबाही बुडवून खायचे. मी म्हटले, "मंग पावानं काय पाप केलं?" ती म्हणाली, "आजी, तू गप बस ना वं."

मोबाईलवरच्या व्हिडिओतला माणूस त्यात बीफ घालत होता, हे वर्षालीनेच मला सांगितले. आपण कोंबडी घालू, हेही तिनेच ठरवले. पत्ताकोबी तिने मिठात बरणीत आंबवली होती, तिचा वास गल्लीत जात होता. कोंबडी उकडून हाताने तोडली, त्यात कोबी, मोहरीची चटणी, सॉस घातला, वर चीज किसले. भाजल्यावर कडेने बुडबुडे आले. मी भाकरीच्या तुकड्याने खाल्ले, तोंड पोळले. चव चांगली होती. वर्षालीला सांगितले नाही, पोर लगेच चढते.

दुपारी नत्थुजी यांनी वर्षालीच्या गाडीवर लोक गोळा करून यात गाईचे मटण आहे असे सांगितले व मोबाईलवरचा तोच व्हिडिओ दाखवला. तो त्यांना सकाळी वर्षालीनेच कौतुकाने दाखवला होता. लोक तिला जे बोलले ते मी इथे लिहून देत नाही. गाडीची काच फुटली आहे. त्यानंतर पोलिसांनी वर्षालीला व भांड्याला ठाण्यात आणले. तपासणीचा अहवाल येईपर्यंत पोरीला सोडता येणार नाही, असे मला सांगण्यात आले. भांडे टेबलावर उघडेच आहे. ते माझ्यासमोर सील करावे. येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात मी पाहून राहिली.

भांड्यात काय होते असे विचारल्यावरून सांगते की, माझी पाळलेली काळी कोंबडी होती. वर्षालीला कापता येत नाही, माझा हात थरथरतो. म्हणून सकाळी नत्थुजींना बोलावले. कोंबडी त्यांनीच आमच्या दारात कापली. कापणाऱ्याला कोंबडीचे काळीज आणि पोटा, म्हणजे पोटातली जाड पिशवी, द्यायचा आमच्याकडे रिवाज आहे. तो मी वाटीत दिला, त्यांनी घरी नेला.

हे आधी का सांगितले नाही, असे विचारले. मी म्हटले, "आल्यापासून मले सारे बस म्हणून राहिले. सांग कोणी म्हटलं?"

कोंबडीचे पाय मी गुडघ्यांसाठी सूप करायला ठेवले होते. ते डब्यात सोबत आणले आहेत. गाईला असे पाय असतात का, हे साहेबांनी नत्थुजींना विचारावे. ते ठाण्यातच बाहेर बाकावर बसले होते, तिथे मी विचारून पाहिले. ते म्हणाले, "मावशी, तुमी यात पडू नका." मी म्हटले, "पोटा शिजला का नीट, बाबू?" ते पाणी प्यायला म्हणून उठले, ते अजून आलेले नाहीत.

जबाब मला वाचून दाखवला. एके ठिकाणी नुसते 'मांस' लिहिले होते, ते खोडून 'कोंबडी' करून घेतले. बाकी मी सांगितले तसेच आहे असे लिहिणाऱ्या बाई म्हणाल्या, म्हणून मी परत एकदा वाचायला लावले. बरोबर आहे. अंगठा मागितल्यावर मी पोरीला आधी आणा म्हटले. वर्षालीला आतून आणून माझ्याजवळ बसवल्यावर डाव्या हाताचा अंगठा उठवला.