म्हशीच्या कानात शंकरपट

...अन् मंग मले सांगा, पावसाळाभर मानसानं बोलावं तं काय बोलावं? नाही, किटल्या ठेवा खाली, बसा, म्हैस पान्हावाले वेळ हाय अजून. तं काय म्हनत होतो... क्रिकेटवाल्याइचं बरं हाय ना भौ, इकडचं सरलं की तिकडचं सुरू, बाराही महिने टीव्हीवर कोनी ना कोनी कोनाले धुऊनच राह्यलं राह्यते! आमचा खेळ शंकरपट. बैलाच्या शर्यती म्हना, जोडी हाकनारा तो धुरकरी. मिरग लागला की बैल गेले वावरात अन् खेळ संपला. झेंडी नाही, भोंग्यावरची कॉमेंट्री नाही... उनाळ्यात ज्या जोडीसाठी घसा फोडला, तेच जोडी सोयाबीनात डवरं ओढून राह्यली अन् आपन धुऱ्यावर उभं राहून पाहून राह्यलो. काळीज तुटते का नाही?

माही घरची जोडी पटाची नव्हे हो, पवळ्या-ढवळ्या, दोघंही नांगराचे गडी, एकदम सज्जन. मी निस्ता शौकीन. पन शौकीन म्हंजे कसा, किन्हीराजाले भोंगा वाजो की कामरगावाले, नानाजी तिथं हजर! अन् सीझन सरला की मंग घरात तेच. पोळी तव्यावरून ताटात आली तरी माहं सुरू, "आली, मधून आली, कशी आली..." रुख्मिणी, म्हंजे आमची मंडळी, पार वैतागली. मिरगाच्या दिवशी तिनं माह्यापुढचं ताट उचललं अन् म्हने, "पोळ्याच्या सनापावतर कोन्या मानसापाशी पटाचं नाव काढलं, तं यंदा एकाही पटाले जानं नाही. अन् माह्या तोंडून पयले निघालं, तं खुशाल जा साऱ्या सीझनभर, मी आडवी येनार नाही." म्हनलं मंजूर. भूक लागली होती ना! अन् तुमाले सांगतो, त्या घडीपासून आपलं तोंड बंद.

बंद म्हंजे किती बंद? पानठेल्यावर बाबूसिंग बसते. आसेगावात खरी पटाची जोडी त्याचीच, अन् गुर्मीही त्याचीच. मुद्दाम मले पाहून मोठ्यानं बोलते, "काय नानाजी, यंदा कोनती जोडी मारीन?" मी काय म्हनलं असन? म्हनलं, "सोयाबीनवर अळी आली म्हनते." मुबश्शिरच्या मोबाईल दुकानात रिचार्जले गेलो तं तो लेकाचा मागच्या वर्षीचा व्हिडिओ लावून बसला, "चाचा, ये तो देखो, क्या सुटी है जोडी!" मी भिताडाकडं तोंड करून उभा. घाम फुटला मले, पन आपलं तोंड बंद.

आता वाफ कुठून तरी निघाले पाह्यजे का नाही? कुकरलेही शिट्टी राह्यते बापा. तं एक दिवस सांजच्याले ह्या चंद्रीच्या खाली दूध काढाले बसलो, तिच्या कुशीले डोकं टेकवलं, अन् हळूच निघालं तोंडातून... "सुटली जोडी रे भाऊ, सुटली! डाव्या अंगानं आली, धुरकरी वाकला, अन् मारली रे मारली!" तुमाले खोटं वाटन, चंद्रीनं डोळे मिटले अन् बादली फेसानं भरली. म्हैस काही मानूस नव्हे. शर्त मानसाची होती. मंग काय, रोज सांजच्याले चंद्रीच्या कानात शंकरपट! बाजूले पवळ्या-ढवळ्या बांधले राहे. दूध निघालं की मी त्याइले ढेप टाको, सरकीची पेंड. "सुटली जोडी" म्हनलं की दोघं दावं तानाले लागत, तोंडाले लाळ. मी ध्यान देल्लं नाही. गावात मात्र आपलं तोंड बंद!

आला पोळा. मारुतीपुढं तोरन बांधलं, ते तुटलं की जोड्या सुटनार, खाली जोड्यांची रांग, पारावर साऱ्या बाया, त्यात रुख्मिणी. बाबूसिंगनं काय करावं? शिंगाले फुगे बांधलेली आपली जोडी आमच्या पुढं घुसवली, अन् वरतून रुख्मिणीले म्हनते, "वैनी, तुमचे वखराचे गडी हायेत, येऊ द्या आरामात, पुरनपोळी थंडी झाली तरी चालते."

सारं गाव हासलं. माह्या जिभेवर आलं होतं, पूर्न आलं होतं, पन तोंड उघडलं की सारा सीझन गेला! दात आवळून उभा राह्यलो. पवळ्याची झूल उगाच नीट करत राह्यलो. लय लागलं मनाले.

तेवढ्यात तोरन तुटलं, अन् पारावरून आवाज आला, माह्याच चालीत, "सुटली जोडी रे भाऊ, सुटली! पवळ्या-ढवळ्याची सुटली, पट पाहा रे, हा पट पाहा!"

रुख्मिणी! पदर खोचलेला, हात वर!

आता बैलाइनं काय आयकलं? ढेप! असे उधळले, असे उधळले, का माहे पाय जमिनीले लागले तं लागले, नाही तं कासऱ्यावर लोंबकळून राह्यलो. बाबूसिंगचे फुगे फाटफाट फुटले, त्याची जोडी बुजून नालीत. आमचे गडी गल्लीगल्लीनं सरळ गोठ्यात, अन् दोघाइचीही थोबाडं ढेपीच्या टोपल्यात. मांगून अख्खं आसेगाव शिट्ट्या मारत! मले तं रडूच आलं, लपवाचं कायले.

घरी म्हनलं, "पटाचं नाव तू काढलं." म्हने, "हाव, काढलं. तुमच्यासारखा मानूस चारचौघात मुका उभा, मले पाह्यवलं नाही." मी म्हनलं, "पन चाल कुठं शिकली?" म्हने, "भाकरी थापता थापता रोज आयको मी. भिंत काय लय जाड हाय?"

म्हंजे जिंकलो मी! शर्त जिंकलो, पोळा जिंकलो, सारा सीझन मोकळा. दिवाळी झाली, सोयाबीन निघालं, आज किन्हीराजाले पयला पट. अन् तिथं कोन हाय? पवळ्या-ढवळ्या, पोळ्याले त्याइची पळ पाहून सोताहून धुरकरी झालेला बाबूसिंग, अन् भोंग्यावर रुख्मिणी. खास बोलावनं आलं तिले. जाता जाता म्हने कशी, "तुमी बी चाला ना, शर्त तुमी जिंकली, तुमाले कोन अडवते? पन चंद्रीचं कसं?"

चंद्रीचं असं, का पटाबिगर तिले पान्हाच फुटत नाही. रुख्मिणीनं करून पाह्यलं, त्याच चालीत, तेच शबद, तं बादलीले लात. तिले माहाच आवाज लागते.

मंग बसलो. तिकडं सीझन सुरू झाला, अन् माहं अजून तेच, सांज झाली की बादली अन् चंद्रीचा कान. चला, आता तुमीच जरा तोंड बंद करा. "सुटली जोडी रे भाऊ, सुटली... डाव्या अंगानं आली..." हं. आली धार. धरा किटली.