डावरा हिरो

घणसोलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात संघप्रियाचे वडील, गंगाराम, औषधाचे थेंब घालून डोळे मिटून बसले होते. एका बाजूला संघप्रिया, दुसऱ्या बाजूला एक अनोळखी काका; त्यांचेही डोळे मिटलेले. बोलता बोलता दोघं एकाच गावचे निघाले आणि गप्पांची गाडी जत्रेत पडदा बांधून दाखवलेल्या सिनेमावर आली.

“काय काम केलंय हो त्यानं! फाशीच्या आधी आईला पत्र लिहितो, तेव्हा अख्खं मैदान रडलं होतं.”

“आन् लिवतो डाव्या हातानं,” गंगाराम म्हणाले.

“छे! उजव्या. नंतर सात वेळा पाहिलाय मी.”

“मी येकदाच. पर डावाच. मी डावरा ना, मास्तर छडीनं बोटं फोडायचे. शाळा सोडनारच होतो. म्हनलं, हिरो डाव्या हातानं लिवतो, मग आपन का न्हाई?”

“तुम्ही बसला कुठं होतात?”

“पडद्याच्या मागं. आमच्या वस्तीला पुढं कोन बसू देतंय?”

“अहो, मग मागून उजवं ते डावं...”

काका थांबले.

“काय म्हनालात?”

संघप्रियानं काकांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

“काही नाही. आत्ता आठवलं. डावराच होता तो.”