मामाच्या हळदीचा रिपोट

मी वर्ध्याच्या लॅबमंदी दिवसभर करतो काय, असं इचारता न मले? तं आयका. अल्लीपूरचा माह्या मामा एक दिवस हळदीचा आख्खा कट्टा खांद्यावर घेऊन लॅबमंदी हजर!

"व्यापारी म्हनते, हळदीत भेसळ नाई असा रिपोट आन. तपास."

मी चिमटीभर हळद घेतली अन् मामाले मशीन समजावून सांगतली. "हे हळदीची वाफ करते. मंग तिच्या कनाकनाले इजेचा झटका देऊन तुकडे करते, अन् ते तुकडे चुंबकाजवळून पळवते. हलका तुकडा जास्त वळते, जड कमी. आपन वावरात उफनतो न, भूस दूर जाते अन् दाना जवळ पडते, तसंच. त्याच्यावरून वजन समजते, अन् वजनावरून वस्तू वयखू येते."

मामानं मान डोलावली. रिपोट निघाला, हळद अस्सल. मामा खुश! पन दारातून वापस फिरला.

"माही चिमटीभर हळद कुठी हाय?"

"ते मशीनमंदी संपली, मामा."

"म्हंजे जिचा रिपोट हाय, थे हळद तुनं फुकून टाकली. अन् कट्ट्यातलीले तं मशीननं पायलंबी नाई!"

"अहो, सारी एकच हळद हाय न!"

"व्यापारी मानन काय?" मामानं कट्टा टेबलावर आपटला. "टाक सारी मशीनमंदी."

"मंग व्यापाऱ्याले इकसान काय?"

मी येडा असल्यासारखा मामा माह्याकडे पाहून राह्यला.

"रिपोट!"