बारीक झालेली गोणी

(दुपार. बेकरीची मागची खोली: पीठ मळायचं टेबल, मैद्याच्या गोण्या, गोण्या तोलायचा जुना काटा. गोट्या बेकरीचा मालक, वहिनी त्याची बायको, ताई त्याची थोरली बहीण.)

ताई – आधी तो पाठीमागचा हात पुढे आण.

गोट्या – काही नाही गं हातात. तू अशी अचानक? आज तुझं डायलिसिस नाही?

ताई – काल झालं. चार तास आडवी पडून तुझ्या पावाचाच विचार करत होते. हात पुढे.

गोट्या – क्रीमरोल आहे. अर्धा. चव बघत होतो. बेकरीवाल्याने चव बघायची नाही, तर काय न्हाव्याने बघायची?

ताई – उरलेला अर्धा कुठाय?

गोट्या – त्याचीच तर चव बघितली.

वहिनी – बसा ताई. ह्यांची चव सकाळी सहापासून चालू आहे. पहिल्या ट्रेमधला एक, मधल्यातला एक, शेवटच्यातला एक. आणि मग पहिला नीट आठवत नाही म्हणून पुन्हा एक.

गोट्या – तू गप गं. ताई, माझं डाएट एकदम शिस्तीत चालू आहे. सकाळी कोमट पाणी आणि लिंबू. मग काकडी. दुपारी उकडलेल्या भाज्या, संध्याकाळी नुसतं सूप. फोनवरच्या त्या बाईचे सगळे व्हिडिओ पाठ आहेत मला. ती म्हणते, शरीराला थोडं फसवायचं असतं.

ताई – शरीराला. बहिणीलाही फसवा, असं म्हणते का ती?

गोट्या – आकडे बघ ना! सुरू केलं तेव्हा चौऱ्याण्णव. परवाच्या रविवारी अठ्ठ्याऐंशी. ह्याच काट्यावर, हिच्या देखत. बारा आठवडे, दर आठवड्याला अर्धा किलो, एकदाही चुकलं नाही.

ताई – तेच खटकलं मला. तू आयुष्यात दुसरं काही इतकं नेमाने केलेलं नाहीस. आणि सहा किलो उतरलेला माणूस दिसायला तरी उतरतो की नाही? सदरा बघ तुझा. बटणं देवाचा धावा करतायत.

गोट्या – ते अंगातलं पाणी आहे. तज्ज्ञ सांगतात.

ताई – पाण्याचं मला शिकवू नकोस. दोन वर्षं झाली, दिवसाला चार पेले मोजून पिते मी. त्यातला अर्धा पेला चहाचा. काल त्या चहात तुझा पाव बुडवला. चहा संपला आणि पाव कोरडाच.

वहिनी – गिऱ्हाइकंही तेच म्हणतायत. कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाई काल पाव परत घेऊन आल्या. म्हणाल्या, कुत्र्याला घातला, तर त्याने खड्डा करून पुरला.

गोट्या – मैदा नवीन आहे. पाणी जास्त पितो.

वहिनी – मैद्याला कशाला नावं ठेवता? ताई, मामंजींनी घालून दिलेलं माप आहे. चाळीस किलो मैदा ह्या काट्यावर तोलायचा आणि त्याला ठरलेलं पाणी. तीन महिने झाले, पीठ घट्टच होतंय. मी तांब्याभर पाणी वाढवलं की हे अंगावर येतात, बाबांच्या मापात ढवळाढवळ नको म्हणून. पुढच्या आठवड्यात आणखी घट्ट. मनगटं गेली माझी.

ताई – तीन महिने? नक्की कधीपासून?

वहिनी – ह्यांचं डाएट सुरू झालं तेव्हापासून.

ताई – अस्सं. ती न फोडलेली गोणी कितीची आहे?

वहिनी – पन्नासची. शिवलेलीच येते.

ताई – काट्यावर ठेवा. गोट्या, हात लाव तिला. एवढा बारीक झालायस, अंगात तरतरी असेल.

गोट्या – ताई, काटा बाबांच्या वेळचा आहे. उगाच त्याला...

ताई – ठेव म्हटलं ना.

वहिनी – ठेवली. चव्वेचाळीस.

ताई – पुन्हा वाच.

वहिनी – चव्वेचाळीसच. अगं बाई!

ताई – बघ गोट्या, संगतीचा परिणाम. तुझ्या शेजारी राहून गोणीसुद्धा सहा किलो बारीक झाली.

वहिनी – थांबा. म्हणजे चाळीस समजून मी शेहेचाळीस किलो मैदा घेत होते? तेवढ्याच पाण्यात? अहो, काय केलंत तुम्ही?

गोट्या – मागे एक स्क्रू आहे.

वहिनी – पण रिकामा असताना शून्यच दाखवतो की हा!

गोट्या – रिकामा असताना सुई खिळ्याला टेकते. ओझं चढलं की मगच कमी दाखवते.

वहिनी – दर रविवारी फिरवत होता?

गोट्या – शनिवारी. रविवारी तू समोर असतेस.

वहिनी – आणि सोमवारी पीठ मळायच्या आधी सरळ करून ठेवायचं सुचलं नाही?

गोट्या – पुन्हा नेमका तिथेच आणता आला नसता गं. वजन वाढलेलं दिसलं असतं.

वहिनी – ताई, तुमच्या समोर बोलू नये, पण तुमचा भाऊ गाढव आहे.

ताई – बोल की, मी त्याला तुझ्याआधीपासून ओळखते. पण ते लाटणं खाली ठेव जरा. मला एक कळत नाहीये. गोट्या, गुरुवारी दवाखान्यात तुझं वजन करणार. अठ्ठ्याऐंशी भरलं तर तुझी किडनी मला चालणार, नाही तर नाही. तिथल्या काट्यामागे तुला कुणी जाऊ देणार नाही. मग गुरुवारी काय होणार होतं?

गोट्या – मी म्हटलं असतं, घरी तर अठ्ठ्याऐंशी दाखवत होता.

ताई – आणि डॉक्टर?

गोट्या – ते म्हणाले असते, जमणार नाही.

ताई – ते म्हणाले असते.

गोट्या – हो.

ताई – म्हणजे तुला म्हणावं लागलं नसतं.

वहिनी – म्हणजे नाही म्हणायचं कामही डॉक्टरांच्या गळ्यात घातलंत!

गोट्या – ताई, पहिल्या आठवड्यात मी खरंच केलं गं. काकडी, सूप, सगळं. दोन किलो उतरलो होतो. खरे दोन, स्क्रूला हात न लावता. बुधवारी एकटाच चढून बघितलं. म्हटलं, आता हे होणार. खरोखर टेबलावर घेऊन कापणार मला. काट्यावरून उतरलो आणि उभ्या उभ्या चार क्रीमरोल खाल्ले.

ताई – भीती वाटते तुला.

गोट्या – फार वाटते. शेहेचाळीस वर्षांचा घोडा झालोय, सांगायची लाज वाटत होती. तुला नाही कसं म्हणू? आई गेल्यावर तूच वाढवलंस मला.

ताई – तुझी भीती मला नवीन आहे का? शाळेत लस टोचायला यायचे, तेव्हा तू बाकाखाली. मग माझ्या वर्गातून मला बोलावून आणायचे. माझं बोट धरायचास, डोळे गच्च मिटायचास आणि म्हणायचास, ताई, तू बघ, मी बघत नाही.

गोट्या – आठवतं.

ताई – पण तेव्हा निदान भोकाड पसरायचास. साऱ्या शाळेला कळायचं. आता मोठा झालास, गुपचूप स्क्रू फिरवतोस. दर रविवारी मी फोन करून विचारायचे, आज किती? अर्धा किलो ऐकलं की तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा. सुई टोचताना मनात म्हणायचे, झालं, आता थोडेच दिवस. फार लागलंय मला हे, गोट्या.

गोट्या – चुकलं माझं.

ताई – नाही म्हणाला असतास, तर मी रडले असते. चार दिवस तुझं तोंड बघितलं नसतं. पाचव्या दिवशी पाव न्यायला आले असते. आणि पाव तरी बरा मिळाला असता.

वहिनी – आता काय करायचं, ताई?

ताई – डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलंय. देणाऱ्याचं मन नसेल तर आमच्या कानावर घाला, आम्ही नुसतं 'जमत नाही' एवढंच म्हणू, कारण कुणाला कळणार नाही. हे तुलाच ऐकवण्यासाठी होतं, गोट्या. तेव्हा कुठे गेला होतास?

गोट्या – कँटीनमध्ये.

वहिनी – कशाला?

गोट्या – त्यांचा केक कसा असतो ते बघायला.

ताई – धन्य आहे. गुरुवारी मीच कळवते त्यांना. यादीत नाव आहे माझं. मिळेल कुणाची तरी. नाही तर यंत्र आहेच.

गोट्या – दुखतं का गं तिथे?

ताई – सुई जाताना दुखतं. सवय होते म्हणतात. होत नाही.

गोट्या – कधी बोलली नाहीस.

ताई – तू विचारलंस कधी? तू मला काकडीतल्या कॅलरी सांगायचास.

गोट्या – बाईसाहेब, तो स्क्रूड्रायव्हर द्या.

वहिनी – हे असं गोड बोलले की मला धडकी भरते. कशाला हवाय?

गोट्या – गोणी काट्यावरच आहे ना? मी मागे जातो. तू सुईकडे बघ आणि पन्नास झाले की सांग.

वहिनी – पंचेचाळीस. सत्तेचाळीस. फिरवा अजून. एकोणपन्नास. हं, पन्नास. थांबा.

गोट्या – आता गोणी उतरवू.

ताई – काय चाललंय तुझं?

गोट्या – हे बघ, मी अजून हो म्हणालेलो नाही. भीती होती तेवढीच आहे. उगाच डोळ्यांत पाणी आणू नकोस, तुझं पाणी मोजून आहे.

ताई – मेल्या.

गोट्या – पण गुरुवारी डॉक्टरांना काय सांगायचं ते माझं मी सांगीन. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही. तुझ्या तोंडून नको. आणि तिथे आकडा सांगायचा तर आधी इथे कळायला हवा. बूट काढलेत. किल्ल्या काढल्यात.

वहिनी – दुसऱ्या खिशातला बिस्किटांचा पुडा?

गोट्या – तोही घे.

वहिनी – आणि वरच्या खिशातला?

गोट्या – घे बाई, सगळं घे. ताई, अशी इकडे ये. बोट दे. तू बघ, मी बघत नाही.

ताई – चौऱ्याण्णव. झालं बघ. उघड डोळे.