ओलांडणीचं पाऊल

…आणि वर ती व्हिडिओवाली बाई मला म्हणते, ‘काका, तुम्ही फार लकी आहात, तुमचा नाच मी वाचवला.’ वाचवला म्हणे. बुडत होता का तो? माझी आई, वय वर्षं एक्याऐंशी, रोज सकाळी दात घासून झाले की दुकानामागच्या खोलीत नाचते, मग चहा पिते, आणि ही बाई कॅमेरा घेऊन आली, दोन तास बसली आणि जगभर सांगत सुटली की मी एक मेलेला नाच शोधून काढला. शोधला कसला, फोनवर पत्ता मीच दिला होता, खूण म्हणून दुकानाची पाटीसुद्धा सांगितली होती, ‘शिलाई मशीन दुरुस्त करून मिळेल’.

तुम्हाला सांगतो, मी तसा गरीब माणूस. गिऱ्हाइकानं मशीनमध्ये भज्यांचं उरलेलं तेल ओतून आणलं तरी हसून साफ करून देतो. पण त्या व्हिडिओत माझी आई कुठे होती? कोपऱ्यात, अर्धी. ‘आजीऽ, जरा सरकता का, फ्रेम खराब होतेय…’ असं मान तिरकी करून, लाडात. आईच्या नाचात आईनंच सरकायचं. आणि खाली नाव कुणाचं? बाईचं. आई म्हणजे ‘एक स्थानिक वृद्धा’. अशी सोडतोय होय मी तिला?

कारण हा नाच कागदावर कुठे नाही हो. आईनं तिच्या आईचं बघून उचलला, माझ्या पायात घातला, आणि माझ्यानंतर कुणाच्या पायात जाणार देव जाणे, कारण आमची कन्या, सव्वीस वर्षांची घोडी, मी शिकवतो म्हटलं की म्हणते, ‘बाबा, तुम्ही ओरडता.’ मी ओरडतो? मी? …बरं, ओरडतो थोडा.

तर सहा महिन्यांनी बाई पुन्हा हजर. ‘काका, एखादं दुर्मिळ पाऊल राहिलंय का?’ आई डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलेली. मी बाईकडे बघितलं, मग खाली बघितलं. आमच्या खोलीत दाराजवळची एक फरशी डुगडुगते, त्यामुळे जो येतो तो तिच्यावरून उंच पाय टाकून येतो, गिऱ्हाईक, चहावाला, शेजारचं मांजरसुद्धा. मी चेहरा गंभीर केला. ‘एक आहे. पण ते आम्ही बाहेरच्यांना दाखवत नाही.’ बाई पाघळलीच. मग दाखवलं… गुडघा छातीशी, मान उजवीकडे, पाय थेट पलीकडे. म्हटलं, ‘हे ओलांडणीचं पाऊल. आमचे पूर्वज नदी ओलांडून आले ना, त्याचं.’ कुठली नदी आणि कुठलं काय, आमच्या पूर्वजांनी फार तर गटार ओलांडलं असेल. बाईच्या डोळ्यांत पाणी. ‘काका, अंगावर काटा आला.’ म्हटलं, येऊ दे. आता नाच जगापुढे आणि आपट तोंडावर. अशी सोडतोय होय मी तिला?

आपटली नाही. चौदा देशांत शिबिरं झाली. बर्फातले लोक लोकरीचे मोजे घालून आमची नदी ओलांडायला लागले. एक प्राध्यापक नाकातून म्हणतो, ‘यात विस्थापनाची आदिम वेदना आहे…’ आदिम कसली, गवंड्यानं सिमेंट कमी घातलंय. टी-शर्ट निघाले. मी तिच्या व्हिडिओखाली लिहिलं, ‘ही फरशी आहे.’ उत्तर आलं, ‘सर, आधी आपली संस्कृती समजून घ्या.’ त्याला दोनशे अंगठे. अशी सोडतोय होय मी तिला? आणखी सात ठिकाणी लिहिलं. मला ब्लॉक केलं. माझ्याच नाचातून.

आणि गेल्या रविवारी मागच्या खोलीत पायांचा आवाज. बघतो तर कन्या. बाईच्या ऑनलाइन क्लासला तीन महिने गुपचूप जात होती. आणि काय नाचत होती हो… तोच आईचा खांदा, तीच मनगटं. आणि मग गुडघा छातीशी. पलीकडच्या दारात आई उभी. म्हटलं, बरं झालं, आता आईच सांगेल की असलं काही आमच्यात नाही, बाईचं पितळ उघडं पडेल. आई म्हणाली, ‘पुन्हा कर गं.’ पोरीनं केलं. आई बघत राहिली आणि हळूच म्हणाली, ‘माझी आई करत असणार हे. मीच विसरले बघ.’

विसरलेली नाही हो ती. इतक्या वर्षांत एक पाऊल विसरलेली नाही. ओठांवर आलं होतं माझ्या सगळं. पण तोवर आईनं नातीचा हात धरला होता, पाय उचलला होता, आणि दोघी हसत होत्या. कुठल्या तोंडानं सांगायचं?

आता रोज सकाळी आम्ही तिघं नाचतो. मी आपला जुन्या पद्धतीनं, बरोबर नाचतो, पाय जमिनीला धरून. तर कन्या म्हणते, ‘बाबा, नदीत पडलात तुम्ही.’ आणि आई, माझी सख्खी आई, मागे वळूनही न बघता म्हणते, ‘उचल रे पाय, भिजशील.’

उचलतो. करतो काय.