तानुबाई हजर

(भडगाव तालुक्यातलं गिरणाकाठचं एक गाव. फेब्रुवारी १९९६, दुपार. महिला पाळणाघर संस्थेची एकुलती एक खोली. पुण्याच्या निधीचे जळगावातले अधिकारी भिकन पाटील तपासणीला आले आहेत. समोर संस्थापक रतिलाल नाना, निवृत्त शिक्षक. आणि सचिव प्रमिलाबाई.)

भिकन : चहा राहू द्या नाना. तिसऱ्यांदा विचारतोय. संक्रांतीच्या बैठकीला तानुबाई हजर होत्या का?

नाना : इतिवृत्तात लिहिलंय ना.

भिकन : लिहिलंय म्हणूनच विचारतोय. एस.टी.तून उतरलो आणि म्हटलं, आधी तानुबाईंना भेटून घ्यावं. श्रावणात पहिल्यांदा आलो तेव्हा त्यांनीच मला पाळणाघर दाखवलं, घरी नेऊन कळण्याची भाकर खाऊ घातली. आज दारात गेलो तर सून म्हणाली, सासूबाई कार्तिकातच गेल्या. आणि इथे पौषातल्या पानावर त्यांचा आंगठा.

नाना : आता तुमच्यापासून काय लपवायचं. लिहून घ्या, रतिलाल नानाने खोटं इतिवृत्त केलं. चाळीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या, म्हातारपणी ही पाळी आली.

प्रमिलाबाई : नाना, तुम्ही गप ऱ्हा. भाऊ, अक्षर मनं शे. मी लिखं ते.

भिकन : अक्षर तुमचं, अक्का. आंगठा कोणाचा?

प्रमिलाबाई : आंगठा तिनाच शे. दसराले दिधा तिनी.

भिकन : संक्रांतीच्या बैठकीचा आंगठा दसऱ्याला?

प्रमिलाबाई : तुम्हना कागदमा लिखेल व्हतं, सालमा च्यार बैठका, अकरा बाया, बठ्ठास्नी सही नही ते आंगठा. कपाशी येचाले लागन्यात का बाई घर सापडस का? बैठकले बठनी ते एक दिननी मजुरी गई. दसराले बठ्ठ्या सोनं देवाले देऊळमा जमन्यात. तठेच च्यारी बैठकास्ना आंगठा लई लिधात, कोरा पानवर. मंग जशी तारीख ये, तशी मी वर लिखत जाऊ.

नाना : बैठका होत नव्हत्या असं समजू नका हं. रोज व्हायच्या. बांधावर, दुपारी भाकरी सोडल्या की. कोणाचं पोर तापलंय, उद्या पाळणाघरात कोणी थांबायचं, सगळं तिथेच ठरायचं. तिथे वही कोण नेणार?

भिकन : मला नका सांगू नाना. मी साक्रीकडचा. आई खुरपायला जायची तेव्हा मला लिंबाला झोळी बांधून टाकून जायची. पण तानुबाई गेल्यावर तरी गैरहजर लिहायचं. नाहीतर ते पान काढून टाकायचं.

नाना : पानांना नंबर आहेत. तुमच्याच सूचना, पान फाटलं की वही बाद. आणि मेलेल्या माणसाला कार्यकारिणीतून काढायचं तर आधी ठराव, मग मृत्यूचा दाखला, मग धर्मादाय कार्यालयात अर्ज. दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत चार खेटे घातले. ग्रामसेवक सापडला तर शिक्का सापडत नाही. जिवंतपणी रेशनकार्डावर चढायला बिचारीला दोन वर्षं लागली. आता उतरायला किती लागतील देव जाणे.

भिकन : तुम्हाला पुण्याचं धोरण माहीत आहे. पहिलं वर्ष संस्था बळकट करण्याचं. ते नीट पार पडलं तरच पुढची दोन वर्षं कामाला पैसे, म्हणजे पोरांचा खाऊ, सेविकांचं मानधन. आणि संस्था बळकट झाली की नाही ते याच वहीवरून बघतात. मी हे वर कळवलं तर तुमची पुढची दोन्ही वर्षं गेली.

नाना : झालो ना बळकट. लोखंडी कपाट आलं, ते ठेवायला आतला एक पाळणा सोडावा लागला. टाइपरायटर आलाय, तो चालवणारं पाच कोसांत कोणी नाही. पोरांना दूध मागितलं तर पुण्याचे म्हणाले, खर्चाच्या या शीर्षात बसत नाही. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली आमची.

प्रमिलाबाई : असं नका बोलू नाना. पाळनाघर बंद पडनं ते पोरं परत बांधवर जातीन. बेबाबाईनं लेकरू कसं गयं ते माहीत शे ना तुम्हले? भर उन्हमा, झोळीमाच. माय तीन वावर पलाड कापूस येचत व्हती. तिले समजनं बी नही.

नाना : विसरेन कसा. त्याच आठवड्यात हे सुरू केलं आपण.

भिकन : थांबा. एक मार्ग आहे. कार्तिकात जळगावला आमचं चार दिवसांचं प्रशिक्षण झालं. मस्टरवर तानुबाई चारही दिवस हजर आहेत. म्हणजे तोवर त्या होत्या. ही बैठक त्याच सुमारास झाली, सचिवांनी नवीन लिहायला शिकल्यामुळे महिना चुकीचा टाकला, असं मी माझ्या शेऱ्यात म्हणतो. दोन्ही कागद जुळतात. पुण्याहून कोणी विचारणार नाही.

नाना : जमेल हे?

भिकन : जमवू. मला स्वतःलाही आठवतात त्या. पहिल्या रांगेत बसलेल्या, हिरवं लुगडं. अक्का, एवढी एक तारीख दुरुस्त करा आणि बाजूला सही करा. झालं.

प्रमिलाबाई : ती जळगावले उनीच नव्हती, भाऊ.

भिकन : मस्टरवर आठ आंगठे आहेत त्यांचे. सकाळी एक, संध्याकाळी एक.

प्रमिलाबाई : त्या मना शेत. मी आते सही करस ना. मना आंगठा रिकामाच व्हता.

नाना : प्रमिला, हे तू मला बोलली नाहीस.

प्रमिलाबाई : कसं बोलू नाना. भाऊनी चिठ्ठी उनी व्हती, अकराच्या अकरा बाया पाहिजे, एक बी कमी पडनी ते गट बाद. येचनीना दिन. आम्ही दहा जनी गयात ते पाळनाघरमा कोन बठी? एकोनीस पोरं व्हतात. तानुबाई बोलनी, जा व तुम्ही, मी ऱ्हास आठे. तिले तवयच हिव भरेल व्हतं. गोधडी आंगवर लिसन दारमा बठेल व्हती. मले दिसत व्हतं. तरी बी गयू मी.

भिकन : कोणी सांगितलं कसं नाही मला?

प्रमिलाबाई : तुम्हले सांगतूत ते गट बाद व्हता ना.

नाना : पुढे काय झालं ते सांग त्यांना.

प्रमिलाबाई : चौथा दिन सांजनी गाडीनी उनूत. तिनी एकेक पोर ज्यानं त्याना हातमा दिधं. एकले बी खरचटेल नही. मंग ती घर गई. सकाळले बैलगाडीमा टाकीसन भडगावले लई निंघनूत, ती वाटमाच गई.

भिकन : आणि चार दिवस आम्ही तिथे फळ्यावर लिहीत होतो.

नाना : काय शिकवत होतात?

भिकन : संस्थेत दुसरी फळी कशी उभी करावी.

नाना : हं.

भिकन : शंभर टक्के उपस्थिती म्हणून अहवाल गेला पुण्याला. बैठकीत वाचून दाखवला त्यांनी. माझं कौतुक झालं. आणि मला खरंच आठवत होत्या हो त्या. हिरवं लुगडं.

प्रमिलाबाई : ते श्रावणमा, तुम्ही घर उनात तवय नेसेल व्हती.

नाना : भिकनराव, तुमच्या घरी बायकापोरं आहेत. मघाचा मार्ग अजून मोकळाच आहे. मी म्हातारा माणूस, ऐकलेलं विसरून जाईन. तुमची नोकरी राहील, आमची पोरं सावलीत राहतील. मला खोटेपणाची हौस नाही, पण फार थकलो मी. नवा दाता शोधायचा, पुन्हा अर्ज, पुन्हा कोणीतरी येऊन आमचं मोजमाप घेणार.

प्रमिलाबाई : नाना, मी बी थकनू. पन तारीख मी बदलाव नही. जठे ती नव्हती तठे बठ्ठीकडे तिना आंगठा शे. जठे व्हती, तठे कायच नही.

भिकन : निधी जाईल, अक्का.

प्रमिलाबाई : माहीत शे.

भिकन : खरं लिहायचं तर माझं मस्टरही लिहावं लागेल. म्हणजे बहुतेक मीही जाईन.

प्रमिलाबाई : ते तुम्हनं तुम्ही पहा भाऊ. मी सांगाव नही.

नाना : आणि पाळणाघर? उद्यापासून कोणाच्या जिवावर चालवायचं?

प्रमिलाबाई : उद्या बेबाबाईनी पाळी शे. परवा मनी. मजुरी बुडी ते बुडी. जठलोंग व्हई तठलोंग.

नाना : किती दिवस पुरेल ते?

प्रमिलाबाई : ते मले कसं माहीत.

भिकन : वही द्या इकडे. नाही, तुमच्याजवळच ठेवा. पुढचं कोरं पान काढा. वर आजची तारीख टाका, आजचीच. खाली लिहा, कार्तिक महिना, पाळणाघर, चार दिवस.

प्रमिलाबाई : लिखं.

भिकन : मुलं एकोणीस. सांभाळणारी बाई एक.

प्रमिलाबाई : तिनं नाव लिखू?

भिकन : पूर्ण लिहा.

प्रमिलाबाई : लिखं. पन भाऊ, हाई नावफुडे आंगठा कोठून आनू?

भिकन : तिथे मोकळं सोडा. खाली तुम्ही सही करा, मग मला पेन द्या.